मार खाल्लेला न्यायाधीश

मी ख्रिस्ती झाले तेव्हा प्रत्येकाने आपापलं कारण माझ्या गळ्यात बांधलं. डेपोतल्या बायकांना वाटलं, नवऱ्याने टाकल्यामुळे हिच्या डोक्यावर परिणाम झाला. चुलत्यांना वाटलं, कुणीतरी काहीतरी हातावर ठेवलं असणार. एका शिकलेल्या बाईंनी तर मला कौतुकाने सांगितलं की तो प्रेमाचा धर्म आहे, म्हणून तुझ्यासारख्या पोळलेल्या बाईला भावला असेल. मी तेव्हा मान हलवून गप्प बसले, पण आता लिहायला घेतलंच आहे तर खरं काय ते लिहिते. मला प्रेमाने ओढलं नाही. मला न्यायाने ओढलं. एक दिवस प्रत्येक माणसाला समोर उभं करून विचारलं जाणार आहे, हे ऐकून मला आनंद झाला होता.

मी रत्नागिरी डेपोत कंडक्टर आहे. लग्नानंतर काही वर्षांनी सासरच्यांनी मला लहान मुलीसकट घराबाहेर काढलं. कारण काढायचं म्हणून काढलं होतं, त्यात शिरत नाही. मी पंचांकडे गेले, नातेवाइकांकडे गेले, पोलीस चौकीच्या बाकावर बसून आले. सगळीकडे एकच उत्तर: जाऊ दे गो, वाढवू नको. ज्यांनी काढलं ते मानाने मिरवत राहिले आणि जाऊ दे म्हणायचं ते फक्त मी. पुढे नोकरी लागली, पोटाची सोय झाली, पण ते ‘जाऊ दे’ माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं.

त्यात डेपोतली एक बाई मला तिच्या प्रार्थनासभेला घेऊन गेली. बाजारामागच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेटी आणि पंचवीस-तीस माणसं. पास्टर त्या दिवशी न्यायावर बोलत होते. काहीही झाकलेलं राहणार नाही, थोर असो की लहान, प्रत्येकाला जाब द्यावा लागेल, असं ते सांगत होते. बाकीच्यांनी माना खाली घातल्या होत्या. माझी मान वर झाली. म्हटलं, चला, कुणीतरी आहे तर, जो ‘जाऊ दे’ म्हणणार नाही.

पण त्या आनंदाचं खोबरं व्हायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या गाडीत चेकिंगचे लोक चढले. ते आले की तिकीट न काढलेला माणूस घाबरतो हे खरं, पण आमच्या खात्यात पहिली बॅग उघडायला लावतात ती कंडक्टरला. मी बॅग उघडून उभी होते आणि एकदम कालचं बोलणं आठवलं. सासरच्यांना विचारणारा मलाही विचारणार. त्या माणसांचं वाईट व्हावं म्हणून मी रोज सकाळी देवापुढे उभी राहून काय काय मागत होते, ते मला आणि देवालाच ठाऊक. मग मी पुन्हा त्या हॉलमध्ये गेले, आणि या न्यायातून सुटायची वाट आहे का असं सरळ विचारलं. वाट आहे, असं पास्टर म्हणाले. त्या वाटेलाच शुभवर्तमान म्हणतात. पण ती नुसती ऐकायची वाट नाही, चालायची आहे.

आजकाल हे बोलणं कुणाला आवडत नाही. आमच्या मंडळीतल्यांनाही फारसं आवडत नाही. न्याय, नरक हे शब्द काढले की लोक म्हणतात, भीती घालता. मी म्हणते, घाटात दरड कोसळली आहे असं समोरून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर हात करून सांगतो, तेव्हा त्याला कुणी म्हणत नाही की तू भीती घालतोस. लोक त्याचे उपकार मानतात आणि गाडी वळवतात. मी पण तेवढंच करते. कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तर झोंबोत.

हे सगळं सांगायचं कारण माझी आई.

आई गावी राहते, माझ्या थोरल्या भावाकडे. गाव रत्नागिरीपासून आत, आमच्याच गाडीने तासाभरावर. दादा मुंबईत गोदीत नोकरी करून निवृत्त झाला आणि वहिनीला घेऊन गावी परतला. काजू, थोडे आंबे, भाताचे दोन तुकडे. पण आमच्या घराची खरी मिळकत ती नव्हे. आमचं घर मानकऱ्यांचं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती बसते त्या पारावरून, उठली की घरोघर जाते, आणि ती पहिली येते आमच्या अंगणात. बाबांनी जन्मभर ती पालखी खांद्यावर घेतली. ते गेल्यावर दादा मुंबईहून दर वर्षी शिमग्याला यायचा तो त्यासाठीच. रजा मिळाली नाही तर बिनपगारी यायचा. मी बाटले तेव्हा गावाने ते खपवून घेतलं, कारण लग्न झालेली मुलगी परक्या घरची. माझ्या येण्याजाण्यावर कुणी बोट ठेवलं नाही.

आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रत्नागिरीत झालं आणि ती दोनेक महिने माझ्याकडे राहिली. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून मी एकटीच असते; बुधवारी माझ्या खोलीत प्रार्थनेला बायका जमतात. आई डोळ्यावर हिरवं फडकं बांधून भिंतीला टेकून बसायची. मला वाटायचं, पेंगते आहे. एका बुधवारी न्यायाचा विषय निघाला, आणि बोलणं संपल्यावर आईने फडक्याखालून विचारलं, तो न्याय करनार कोन? एका बाईने तिला सांगितलं की येशू करणार, ज्याला लोकांनी खोटे आरोप ठेवून मारलं, खिळ्यांनी ठोकलं, आणि जो तुमच्या-आमच्या पापांसाठी मेला आणि उठला.

आईने डोळ्यावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, “ज्यान मार खाल्लान तोच न्याय करनार? मग बरा हाय. त्याला ठावं असंल.”

मी इतकी वर्षं सभांना जाते, मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली, पण न्यायाधीशाबद्दल कुणी मला असं सांगितलं नव्हतं. मला न्याय हवा होता तो दुसऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून. तिला न्यायाधीश कोण ते कळलं आणि तेवढ्यावर तिने विश्वास टाकला. त्यानंतर दर बुधवारी ती आम्हाला खोदून विचारायची, मग तो काय सांगतो करायला? आम्ही सांगितलं: पापापासून फिरायचं, त्याला धरायचं, ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना क्षमा करायची, आणि चारचौघांत पाण्यात बाप्तिस्मा घ्यायचा. आईने एकेक गोष्ट ऐकून घेतली. क्षमेवर ती दोन बुधवार अडून बसली, कारण शेजारच्या भाऊबंदाने आमच्या बांधावरचा फणस तोडला होता. तिसऱ्या बुधवारी म्हणाली, दिला सोडून. आता पाण्याचा बघा.

आमचे पास्टर घाटावरचे, सांगलीकडचे. चांगला माणूस, पण भिडस्त. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की आजींचं वय झालं आहे, घर मानकऱ्यांचं आहे, गावात तेढ होईल. देव मन पाहतो, आजींच्या मनात विश्वास आहे तेवढा पुरे. माझं डोकं फिरलं. मी त्यांना म्हटलं, मग आम्हाला कशाला उतरवलंत पाण्यात, आमचं मन देवाला दिसत नव्हतं का? पण आईने ते सगळं ऐकलं होतं. तिने पास्टरांना हात जोडून सांगितलं, “मनातल्या मनात जेवून पोट भरत नाय, बाबा.” पास्टर लाजले आणि दिवस ठरवायला तयार झाले.

आणि दिवस ठरवतानाच आम्ही माती खाल्ली. पावसच्या वाटेवर एक खाडी लागते, तिथे एक शांत जागा आहे. पास्टरांनी सकाळी दहाची वेळ दिली. त्यांच्याकडे नदी असते, ती सकाळी दहाला असते आणि संध्याकाळीही असते. मी तरी कोकणातली, पण आमचं गाव डोंगरात. भरती-ओहोटी बघून घराबाहेर पडायची सवय आम्हाला कुठली? आम्ही टेंपो भरून, पांढरे कपडे, पेटी, चहाचा थर्मास घेऊन खाडीवर पोचलो, तर खाडीत पाणीच नाही. लांबपर्यंत काळा चिखल, मधोमध पाण्याची एक रेघ, आणि चिखलात वाकून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढणाऱ्या काही मुसलमान बायका. त्यांना आधी वाटलं आम्ही सहलीला आलो. कशाला आलो ते कळल्यावर त्या हसत सुटल्या. आता ओहोटी आहे, उतरण्याजोगं पाणी दुपारी येईल, तवर बसा माडाखाली, असं त्यांनी सांगितलं.

आई माडाखाली बसली आणि तिथे मला कळलं की तिने सकाळी दादाला फोन केला होता. मी कपाळाला हात लावला. सगळं उरकल्यावर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तिचं म्हणणं, चोरून करायचा तर करायचा कशाला. पाणी वेळेवर असतं तर दादा येईपर्यंत ती उतरून बाहेरही आली असती. ते नव्हतं, म्हणून पाण्याआधी दादा पोचला. भाऊबंदांतले दोघे बरोबर होते. ते दोघे रस्त्यावरच थांबले, दादा एकटा खाली आला.

तो माझ्याकडे बघतही नव्हता. आईला म्हणाला, घरी चल. आई म्हणाली, येते, हे झाल्यावर. मग दादाचा बांध फुटला. बाबांनी जन्मभर पालखी खांद्यावर घेतली, तू त्या घराची सून, तुला लाज वाटत नाही का, असं तो बोलत गेला. मी मध्ये पडले तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाला, “तू बोल ना. तुझ्या हिशेबाने बाबा कुठे आहेत मग? नरकात? सांग, आईच्या तोंडावर सांग.”

 पास्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या प्रश्नाला मी इतकी वर्षं भीत होते तो असा चिखलाच्या काठावर उघडा पडला, आणि माझ्यासारख्या बोलभांड बाईला एक शब्द सुचेना. बाबांइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. त्यांना कुणी हे कधी सांगितलंच नव्हतं.

आईने दादाचा हात धरून त्याला खाली बसवलं. “तुझ्या बापाचा न्याय मी करनार नाय, तू करू नको, आन् ह्यांनीपन करू नये. ज्यान जन्माला घातलान त्याला सगळा ठावं हाय. मला इचारतील तेव्हा मी काय सांगू? ऐकला व्हता, पन पोरगा रागावला म्हनून बसले?”

दादा झटक्याने उठला. म्हणाला, पाण्यात उतरलीस तर माझ्या घराची पायरी चढायची नाही.  मागे खाडीत भरती चढत होती. चिखल बुडाला होता, तिसऱ्यावाल्या बायका टोपल्या घेऊन काठावर आल्या होत्या आणि आमचं काय होतंय ते बघायला थांबल्या होत्या. आई म्हणाली की पायरीचं घरी गेल्यावर बघू, आता पाणी आलंय. आणि पदर कमरेला खोचून ती चालायला लागली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. पास्टर तिचा एक हात धरून, मी दुसरा. पौषातलं पाणी गार होतं. ती खाली गेली, वर आली, तोंडावरचं पाणी पुसून तिने काठाकडे पाहिलं. दादा निघून गेला होता.

मी माझ्या खोलीत तिच्यासाठी खाट मांडून ठेवली होती. आता ही माझ्याकडे राहणार, भाकरतुकडा सुखाने खाणार, रविवारी माझ्याबरोबर सभेला येणार, असं मी धरूनच चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली आणि मला गावी सोड म्हणाली. मी खूप चिडले. म्हटलं, त्याने तुला घरात घ्यायचं नाही असं सांगितलं आहे, आगीतून निघून फुफाट्यात कशाला जातेस?

“तुझ्याकडं ऱ्हायले तर मी सुटले,” ती म्हणाली. “त्याला कोन सांगनार?”

सुटका झाली की आपण मागे वळून पाहत नाही. मी तरी पाहिलं नव्हतं. सासरच्यांसाठी मी प्रार्थना करायची ती पास्टरांनी सांगितलं म्हणून, दात-ओठ खात. आईने ऐकलं ते पुरतं ऐकलं होतं. न्याय खरा असेल तर तो तिच्या मुलासाठीही खरा होता, आणि तो ज्या घरात होता तिथेच तिला असायचं होतं. माझी साप्ताहिक सुट्टी होती; मी तिला आमच्याच गाडीने घेऊन गेले. दादाने आम्हाला अंगणात पाहिलं, पाठ फिरवली आणि कोयता घेऊन काजूत निघून गेला. वहिनीने इकडेतिकडे बघून आईची पिशवी उचलली आणि पडवीत नेऊन ठेवली.

आई पडवीत राहिली. तिचं ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा, दादाचं बोलणं बंद. देवघराकडे तिने जाऊ नये असं दादाने वहिनीच्या तोंडून कळवलं, आणि आई गेलीही नाही. देवघराबद्दल ती वाकडा शब्दही बोलली नाही. पहाटे उठून ती मोठ्याने प्रार्थना करायची, कारण हळू बोललेलं तिला स्वतःलाच ऐकू येत नाही. त्या प्रार्थनेत सगळे असायचे. वहिनीची कंबर, व्यालेली गाय, आंब्याचा मोहोर, मुंबईतली नातवंडं, फणस तोडणारा भाऊबंद. शेवटी दादा. माझ्या पोराला न्यायाच्या दिवशी उभा करू नको रिकाम्या हातान, असं ती रोज म्हणायची, आणि दादा भिंतीपलीकडे अंथरुणात पडून रोज ऐकायचा. वहिनीने मला फोनवर सांगितलं की हे उठून बाहेरही जात नाहीत आणि कानावर उशीही घेत नाहीत.

फाल्गुन आला. शिमग्याआधी गावकीची बैठक बसली आणि आमच्या घराचा विषय निघाला. बाटलेली बाई घरात असताना देवाची पालखी तिथे न्यायची कशी? काही तरुण तापले होते. पण गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने तोडगा काढला, आणि तो खरोखर भल्या मनाने काढला होता, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. पालखीच्या दिवसांपुरतं म्हातारीला लेकीकडे रत्नागिरीला पाठवा. कुणी काही विचारणार नाही. पालखी येईल, मान राहील, मग म्हातारी परत आली तर आली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वहिनीने मला लगेच फोन केला. मलाही ते पटलं, कारण शिमग्याला मुंबईची पोरं येतात, त्यातली काही पिऊन असतात, आणि कुणाच्या हातून काय होईल सांगता येत नाही. मी रजा टाकली आणि आईला न्यायला गेले. दादा आत वेताच्या खुर्चीत बसला होता, दार उघडं होतं. मी आईला सगळं सांगितलं. चार दिवस माझ्याकडे येऊन राहा, तुझा विश्वास काही कुणी काढून घेत नाही.

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

“पालखी येवं दे,” ती म्हणाली. “तिचा मान सून करील, तो करील. मी मधी येनार नाय. पन मी हात जोडनार नाय, आन् लपनारपन नाय. चार दिवस लपायचा व्हता तर त्या पाण्यात कशाला गेले गो?”

मी वाद घातला. तिला म्हटलं, हे दादाच्या अब्रूवर येतंय, त्याचा तरी विचार कर. ती म्हणाली, त्याचाच करतेय. आज मी चार दिवस लपले, तर मी रोज पहाटे जे सांगते ते खोटं आहे असं त्याला वाटेल, आणि बरोबरच वाटेल. एवढं बोलून तिने सूप परत मांडीवर घेतलं. आतून खुर्चीचा आवाज झाला. दादा बाहेर आला, आमच्या दोघींकडे न बघता त्याने चपला घातल्या आणि सहाणेच्या दिशेने चालू लागला.

मला वाटलं, आता हा काहीतरी भयंकर करणार. मी त्याच्या मागे गेले. सहाणेच्या पारावर गावकरी बसले होते. बायका तिथे जात नाहीत. मी पाराखाली, रस्त्याच्या कडेला उभी राहिले. दादा उभ्याउभ्याच बोलला. त्याला कधी सभेत बोलायची सवय नाही.

“आई घरातच राहील,” तो म्हणाला. “ती गेली तिथे का गेली ते मला पटलेलं नाही, आजही नाही. पण देव दारात येणार म्हणून आयशीला लपवायची, असला देव माझ्या बाबांनी खांद्यावर घेतला नव्हता.”

 त्या वडीलधाऱ्या माणसाने डोळे पुसले. मग म्हणाले की गावाचा नियम मी एकटा मोडू शकत नाही, तुला ठाऊक आहे. दादा म्हणाला, ठाऊक आहे. पहिला मान पलीकडच्या वाडीतल्या भाऊबंदांकडे गेला. ठराव झाला, दादाने मान डोलावली आणि तो पार उतरून आला. माझ्याजवळून जाताना थांबला. मी काहीतरी बोलणार होते, पण त्याने हाताने नको म्हणून सांगितलं.

मी हे लिहिते तेव्हा मला ठाऊक आहे की आमच्यातले काही जण विचारतील, त्या माणसाचं एवढं कौतुक का, त्याने प्रभूला मानलं आहे का? नाही मानलं. आणि गावातले विचारतील, एवढ्या भल्या भावाला नरकाची भीती घालायला तुला शरम नाही का वाटत? नाही वाटत. माझा भाऊ माझ्याहून भला आहे, हे मी दोघांनाही तोंडावर सांगते. पण भलेपणाच्या जोरावर त्या दिवशी उभं राहता आलं असतं, तर आई त्या गार पाण्यात उतरली नसती. भल्या माणसालाही दरड चुकवावी लागते. मला हे गोड शब्दांत सांगता येत नाही, म्हणून मी न सांगता राहू का?

पालखीच्या दिवशी मी गावीच थांबले. वहिनीने सवयीने अंगण सारवलं होतं, रांगोळीही काढली होती. मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिने रांगोळीची वाटी पायरीवर तशीच ठेवून आत जाऊन दार लोटलं. दादा आंघोळ करून पांढरा सदरा घालून पायरीवर बसला. मुंबईहून आलेला त्याचा मुलगा रागाने मित्रांकडे निघून गेला होता. दुपार कलताना ढोल वाजायला लागले. आवाज जवळ आला, बांधापाशी आला. तिथे वाट फुटते, एक आमच्याकडे, एक पलीकडच्या वाडीत. मला पालखीचा रंगीत कपडा आणि उन्हात चमकणारी देवीची चांदीची रूपं दिसली. पालखी क्षणभर तिथे डुलली. खांदेकऱ्यांना इतक्या वर्षांची सवय, त्यांचे पाय आमच्याकडे वळले असावेत. मग कुणीतरी ओरडलं आणि ढोल दुसऱ्या वाटेने पुढे गेले.

दादा उभा राहिला. त्याने लांबूनच पालखीला हात जोडले आणि आवाज पुसट होईपर्यंत तसाच उभा राहिला. आई पडवीतून बाहेर आली. तिने हात जोडले नाहीत. ती येऊन पायरीवर बसली, आणि तो खाली बसला तो तिच्या शेजारी. खाडीवरच्या त्या दिवसापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

“आये,” तो म्हणाला, “आज माझ्या हातून बाबांचा मान गेला. कशापायी गेला ते तरी मला कळू दे. पहिल्यापासून सांग.”

या प्रश्नाची मी किती वर्षं वाट बघत होते. माझ्याकडे सगळं तयार होतं, न्याय, पाप, सुटका, एकापुढे एक मांडलेलं. मी तोंड उघडलं. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं. तिने बांधाकडे पाहिलं, जिथून पालखी वळली होती.

“येशूलापन गावान असाच भायेर काढलान,” ती म्हणाली.

दादा तिच्याकडे वळून बसला.